ओ-यू-जी-एच नावाची टोळी



या वेळी शब्दांची एक खोडकर टोळी घेऊन आलो आहे. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं याच क्रमाने ज्यांच्या पोटात आहेत, असे इंग्रजी शब्द. परीक्षा जवळ आल्या की घरोघरी यांच्यावरून रडारड होते. मूल 'टफ' बरोबर वाचतं, त्याच धर्तीवर पुढचा शब्द 'डफ' वाचतं आणि आपण ओरडतो, "अरे, डो!" त्यावर ते "का?" विचारतं, आणि आपण म्हणतो, "इंग्रजी असंच असतं."

खरं तर त्या मुलाने नियम ओळखून तो लावून पाहिला. विचार त्याचा बरोबर होता, फसवलं शब्दाने.

आधी टोळीची ओळख करून घेऊ. 'दो' म्हणजे तरीसुद्धा आणि 'डो' म्हणजे मळलेली कणीक. 'थ्रू' म्हणजे मधून, आरपार. 'रफ' खडबडीत, 'टफ' चिवट किंवा कठीण, 'इनफ' पुरेसं. 'कॉफ' म्हणजे खोकला. 'ट्रॉफ' म्हणजे गुरांना चारा-पाणी द्यायची लांबट द्रोणी. पावसाळ्यात हवामानाच्या बातम्यांत येतो तो कमी दाबाचा पट्टा, तोही हाच शब्द. 'बाऊ' म्हणजे झाडाची मोठी फांदी, 'प्लाऊ' नांगर, 'ड्राऊट' दुष्काळ. 'थॉट' विचार, 'सॉट' शोधलं, 'फॉट' लढलं, 'नॉट' शून्य. गेटवाल्याच्या पाटीवरचं 'रॉट आयर्न' म्हणजे घडीव लोखंड. सडण्याशी त्याचा काही संबंध नाही. 'वर्क' या क्रियापदाचं ते जुनं भूतकाळी रूप आहे. 'स्लफ' म्हणजे सापाने टाकलेली कात, आणि अगदी त्याच स्पेलिंगचा 'स्लाऊ' म्हणजे दलदल. लंडनच्या पश्चिमेला स्लाऊ नावाचं गावही आहे. आयर्लंडमध्ये तळ्याला म्हणतात ते 'लॉख'.

आता त्या "का?"चं उत्तर. या शब्दांतला जी-एच एके काळी मुका नव्हता. घशातून घासून काढलेला तो एक 'ख़' होता. आपल्या हैदराबादेत 'ख़ैरियत' विचारताना येतो, साधारण तसा. जर्मन माणूस 'नाख्ट', म्हणजे रात्र, म्हणताना तो आजही उच्चारतो. इंग्रजांच्या तोंडून मात्र तो हळूहळू निसटत गेला. काही शब्दांत पार नाहीसा झाला, काहींत त्याचा 'फ' झाला. त्याच्या आधीचे स्वरही त्याच काळात बदलत होते, आणि कुठल्या शब्दाला कुठल्या भागातला उच्चार चिकटला यातही मेळ नव्हता. नेमकं याच धामधुमीत, 1476 साली, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढे छापील पुस्तकांबरोबर स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि बोली पुढे चालत राहिली. आमच्या धंद्यात जुन्या प्रणालीत असे रकाने सापडतात. आज ते कुणी वापरत नाही, पण काढले तर काय कोसळेल या भीतीने कुणी हातही लावत नाही. जी-एच तसा आहे. अमेरिकेने थोडी हिंमत केली, नांगराचं स्पेलिंग छाटलं, पण कणकेचं ठेवलं.

आपणही 'चार' आणि 'चारा' एकाच 'च'ने लिहितो बरं! हिंदी वातावरणात वाढलेलं आपलं मूल 'चाक' चुकीचं वाचतं, तेव्हा आपण गालात हसतो आणि सांगतो. तीच माया इंग्रजीच्या बाबतीत का आटते? मराठी माध्यमातून आलेले, कामात अतिशय हुशार सहकारी 'थ्रू' की 'थरो' या धास्तीने मीटिंगमध्ये गप्प बसलेले मी पाहिले आहेत. गंमत म्हणजे हे दोन्ही मुळात एकच शब्द! आरपार जाणारं ते 'थ्रू', आणि एखादी गोष्ट आरपार तपासली की ती 'थरो'. जोर देऊन म्हटलेलं जुनं रूप वेगळं पडलं, इतकंच.

लिहिताना मात्र सांभाळा. 'दो', 'थ्रू', 'थॉट' यांपैकी एकाच्या जागी दुसरा टाइप झाला, तर स्पेलिंग तपासणारा प्रोग्रॅम बहुधा गप्प राहतो, कारण प्रत्येक शब्द आपापल्या जागी शुद्ध आहे. 'बॉट' आणि 'ब्रॉट'मध्ये गोंधळ होत असेल तर एवढंच लक्षात ठेवा: 'ब्रिंग'मध्ये आर आहे म्हणून 'ब्रॉट'मध्ये आर, 'बाय'मध्ये नाही म्हणून 'बॉट'मध्येही नाही. उचकीचा 'हिकप' कधी कधी या टोळीच्या वेशात दिसतो. ते खोकल्याशी चुकीचं नातं जोडून नंतर बनवलेलं स्पेलिंग आहे. खुशाल साधं लिहा.

दोन शब्द माझे विशेष लाडके. पहिला कणकेचा 'डो'. तो आणि आपला संस्कृत 'देह' एकाच मुळातून आले आहेत असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. मूळ अर्थ लिंपणं, आकार देणं. म्हणजे इंग्रजीत मुका झालेला तो जी-एच आपल्याकडे 'देह'मधल्या 'ह'च्या रूपाने अजून ऐकू येतो.

दुसरा 'ऑट', म्हणजे करायला हवं. हे मूळचं 'ओ' या क्रियापदाचं भूतकाळी रूप, आणि 'ओ' म्हणजे देणं असणं, कर्ज असणं. देण्यावरून कर्तव्यावर पोचलेला हा शब्द मुलांना समजावताना मला फार शोधावं लागलं नाही. आपण 'शंभर रुपये देणे लागतो' म्हणतो आणि 'मला जावं लागतं' असंही म्हणतो, दोन्हीकडे तेच 'लागणं'.