नोंदणी क्रमांक दाखवा!

परदेशी सौंदर्यप्रसाधनांच्या आयातीची कागदपत्रे हा व्यापाऱ्यांचा विषय. स्त्री-चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे काही मैत्रिणी विचारतील. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या शरीराशी आहे.

2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार परदेशी क्रीम इथे विकायचे तर आधी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी करावी लागते. घटकांची माहिती आणि जड धातू मर्यादेत असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. मिळालेल्या प्रमाणपत्राचा क्रमांक व आयातदाराचे नाव-पत्ता लेबलावर छापणे बंधनकारक आहे. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला मनाई आहे. नकळत राहिलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही.

व्यापारी याला 'कागदी जाच' म्हणतात. मग केरळातील मलप्पुरमकडे पाहा. तिथल्या एका रुग्णालयात जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे 22 रुग्ण नोंदले गेले. त्यांतील 15 जणांत त्या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला आणि या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीमे वापरत होते. जाच कोणाला झाला?

यावर "गोरे व्हायची हौस कशाला?" असे बाईलाच विचारले जाते. 'गोरी वधू पाहिजे' अशी जाहिरात देणाऱ्याला कोणी विचारत नाही. सावळ्या मुलीचे लग्न अडवणारा समाज आणि त्या भीतीवर पैसा करणारा बाजार दोघेही नामानिराळे राहतात. मूत्रपिंड मात्र तिचे जाते.

कायद्याचीही आरती ओवाळायला नको. प्रतिज्ञापत्र कंपनीच स्वतःबद्दल देते. बॅगेतून चोरून आणलेल्या डबीला तर कसलाच कागद नसतो. ती वस्तीतल्या पार्लरमध्ये पोचते आणि तिथली कामगार मुलगी ती दिवसभर उघड्या हातांनी चोळत राहते.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. अन्न व औषध प्रशासनाने बाजारातले नमुने नियमित तपासावेत आणि निकाल मराठीत जाहीर करावेत. छापा पडेल तेव्हा पार्लरवालीला पुढे करून पुरवठादाराला मोकळे सोडू नये. आणि आपल्या गटांनी दुकानात डबी उलटी करून विचारावे: आयातदार कोण? नोंदणी क्रमांक कुठे आहे?

जी डबी आपल्या मालकाचे नाव सांगत नाही, तिला आपल्या चेहऱ्यावर जागा नाही.