कोजागिरीचा डाव

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति?’ असं विचारत फिरते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या रात्री जागं राहण्यासाठी चक्क फाशांचा खेळ सांगितला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात फाशांपायी संसार उधळलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. तेच फासे या एका रात्री व्रतात येऊन बसले!

आपल्या वऱ्हाडात याच रात्री भुलाबाईची सांगता होते. भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर मुली घरोघरी गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डबा हलवून खिरापत ओळखायला लावतात. शेजाऱ्यांसाठी याहून सोपा खेळ मला माहीत नाही. पत्ते न येणाऱ्या आजीलाही तो येतो, आणि हरलं तरी खाऊ मिळतोच.

यवतमाळला लागून वाढलेल्या आमच्या लोहाऱ्यात नोकरीनिमित्त आलेली बरीच कुटुंबं. माणसं एकमेकांना नावापेक्षा गाडीवरूनच ओळखतात. एका कोजागिरीला आम्ही हौसेने कॅरमची स्पर्धा ठेवली, बक्षिसाला स्टीलचे डबे आणले. दहा वाजता चौघे खेळत होते आणि बाकीचे घड्याळ पाहत होते. पहिल्या फेरीत हरलेली मुलं केव्हाच टीव्हीसमोर गेली होती.

पुढच्या वर्षी माईक नाही, बक्षीस नाही. गच्चीवर सतरंज्या, पत्त्यांचे दोन कॅट, आटवलेलं दूध आणि प्रत्येक घरून एक बंद डबा. बोलावणं मात्र दारोदार जाऊन केलं. कुणाच्या हाती धाडलेला निरोप नवा भाडेकरू मनावर घेत नाही. तीनपत्तीचा हट्ट धरणाऱ्या एका भाऊंना मी स्पष्ट नाही म्हटलं. पैसा आला की बायकामुलं आपोआप उठून जातात. भाऊ रुसले, पण बसले. आणि यजमानाने शक्यतो जिंकू नये, हेही माझं मत. (मला त्यासाठी फारसे कष्ट पडत नाहीत.)

मेंढीकोटात भिडू समोरासमोर बसतात. चिठ्ठ्या टाकल्या, तर सांडपाण्याच्या नालीवरून वर्षभर अबोला धरलेले दोन शेजारी नेमके भिडू निघाले! मला घाम फुटला. पहिला डाव मुक्यानेच झाला. दुसऱ्यात एकाने भिडूचाच हात हुकूम टाकून कापला आणि दुसऱ्याच्या तोंडून निघालंच, ‘अहो, आपलाच होता ना तो!’

नाली अजून तशीच वाहते. पण त्यांच्यापैकी एकाचा गच्चीवर राहिलेला डबा दुसऱ्याने सकाळी मुलाच्या हाती परत पाठवला. त्यात चिवडा होता.