सूत ओळखतो, पण झाड?

इचलकरंजीच्या पोराला मागाच्या खटखटीत गाढ झोप लागते. उलट लाइट गेली, माग थांबले, की जाग येते! सुताचा नंबर, सायझिंग, बीम, काहीही विचारा, फटाफट सांगेल. पण कापसाचं झाड? कॉलेजच्या कट्ट्यावर विचारलं, तर बहुतेकांनी ते फोटोतच पाहिलेलं. यात दोष कुणाचा नाही. आपल्या शिवारात ऊसच ऊस, कापूस आपल्याकडं सूत होऊनच येतो.

त्यामुळंच एक मोठा बदल आपल्याला कळलाही नाही. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात पिकणारा बहुतेक कापूस देशी होता. ढाक्याची जगप्रसिद्ध मलमलही याच जातकुळीतल्या कापसाची. आज शेतात जवळजवळ सगळीकडं अमेरिकन जातीचे संकरित वाण दिसतात. २००२ पासून त्यात बीटी आलं.

देशी मागं का पडला? बोंड लहान, धागा आखूड, आणि गिरण्यांची यंत्रं लांब धाग्याची. यंत्राला झाड जमेना, म्हणून आपण झाडच बदललं!

त्याची किंमत शेतकरी मोजतोय. देशीचं बी घरचं ठेवता येतं, संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. पावसानं ओढ दिली तरी देशी तग धरतो, रसशोषक किडींनाही लवकर दाद देत नाही. बीटी तर बोंडअळीवरचा उपाय म्हणून आलं, पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं त्याच बीटीचं राज्यभर नुकसान केलं.

देशी म्हणजे जादू नव्हे. फुटलेला कापूस गळतो, वेचणी किचकट असते. पण परभणीच्या कृषी विद्यापीठानं लांब धाग्याचे देशी वाणही काढलेत. मग अडतं कुठं? शेतकरी विचारतो, "पिकवीन, पण घेणार कोण?"

याचं उत्तर आपल्या गावानं द्यायला पाहिजे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हा तेही धाडसच होतं. आज टेक्स्टाइल शिकणारी शेकडो पोरं गावात आहेत. दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात. घ्या की देशी कापूस! जाड सुताचा टॉवेल, चादर, शर्टाचं कापड विणून बघा. कुठं तुटतं, कुठं टिकतं, त्याची नोंद ठेवा.

आणि होस्टेलवर मराठवाड्याचा, विदर्भाचा दोस्त असेलच. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या गावाला जा. एकदा ते झाड हात लावून बघा, राव. आपलं अख्खं गाव त्याच्यावर उभं आहे.