दारातल्या टोमॅटोला पाणी कुठलं?

घाटकोपरच्या टेकडीवर एका वस्तीत बैठकीला गेले होते. एका ताईंनी दारात रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो लावलेत. झाडं डेरेदार, फळं लालबुंद. "पाणी कुठलं घालता?" विचारलं, तर त्यांनी खालच्या नाल्याकडे बोट केलं. "नळाचं प्यायलाच पुरत नाही सिस्टर, झाडाला कुठून घालू?"

त्यांचं म्हणणं खरं आहे. अशा बायांना अडाणी ठरवून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. तरीही नाल्याचं पाणी बंद करा, हे मी स्पष्टच सांगते. मैल्यातल्या नत्राने झाड जोमाने वाढतं, म्हणून पाणी चांगलं ठरत नाही. जुलाब, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू शिंतोड्यांबरोबर फळावर, देठाच्या खळग्यात बसतात. रस्सा उकळला की ते मरतात; पण कोशिंबिरीत टोमॅटो कच्चाच असतो आणि पोरं तर तोडून तसाच तोंडात घालतात. जवळच्या गाळ्यांत धातूचं किंवा रंगाचं काम चालत असेल, तर नाल्यात शिसं, कॅडमियमही उतरतं. झाडाने शोषलेलं शिसं धुऊन जात नाही, शिजवूनही नाही. फळापेक्षा पालक-माठात ते जास्त साठतं, म्हणून त्या पाण्यावर पालेभाजी तर मुळीच नको.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी बादलीत काढा आणि त्याच दिवशी संपवा, नाहीतर डास होतात. पानांवर न ओतता बुडाशी घाला. कपड्यांच्या पावडरीचं पाणी नको. बोअरचं मचूळ असेल तर पानांच्या कडा करपतात.

टोमॅटो खालून काळा पडला की बाया माझ्याकडे औषध मागतात. (मी माणसांची नर्स, पण असो!) बहुतेकदा तो रोग नसतोच. दोन दिवस कोरडं आणि मग एकदम बादलीभर, अशाने फळाला कॅल्शियम पोचत नाही. रोज थोडं थोडं पाणी हवं.

आणि रोज द्यायचं तर नळही रोज यायला हवा. रोपं वाटून फोटो काढणाऱ्यांनी आधी याचं बोलावं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय की, झोपडी २००० नंतरची असली तरी पाणी नाकारता येणार नाही. ते त्या ताईंना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या गल्लीचा जोडणीचा अर्ज आम्ही येत्या रविवारी विहारात बसून भरतोय.