नोकरी आणि मुले सांभाळून नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करता यावे, यासाठी निवेदन

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, पुणे.

विषय : नोकरदार मातांसाठी जीएनएमची (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) स्वतंत्र तुकडी सुरू करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला देहू, येलवाडी, सांगुर्डी परिसरात राहतो. कुणी पिंपरी-चिंचवडच्या खासगी रुग्णालयांत वॉर्डात मदतनीस आहोत, कुणी महाळुंगे-चाकणच्या कारखान्यांतील प्रथमोपचार कक्षात. काहींचे एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) झाले आहे. काहींनी जीएनएमचे पहिले वर्ष करून लग्नात किंवा बाळंतपणात शिक्षण सोडले. बीपी, टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) घेणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची वेळेवर कूस बदलणे ही आमची रोजची कामे. पण ज्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी नाही, त्यांचा पगार मदतनिसाचाच राहतो आणि अनुभव कुठेही धरला जात नाही.

पुन्हा शिकायची इच्छा आहे. अडते ते एवढ्यावरच, की जीएनएम हा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी हातची नोकरी सोडावी लागते. सकाळपाळीसाठी पहाटे डबे करून, झोपेतले मूल शेजारच्या काकूंकडे टाकून देहूगावातून निगडीची बस धरायची. हँडओव्हर लांबला की परतीची बस चुकते आणि शाळा सुटलेले पोर दारात बसून राहते. रात्रपाळीनंतर झोप किती मिळते, हे न विचारलेलेच बरे. अशा घरात प्रवेशअर्जाचा विषय निघाला, की प्रश्न एकच येतो, ‘तू शिकलीस तर पगार वाढेल, कबूल, पण तीन वर्षे हप्ता कोण भरणार?’ नवऱ्याचे कामही कंत्राटीच. त्याच्याजवळ उत्तर नाही, आमच्याजवळही नाही. अर्ज भरायची मुदत निघून जाते.

शिक्षणाचे तास कमी करा, असे आम्ही म्हणत नाही. अर्धेकच्चे शिकलेली नर्स आमच्याच आईवडिलांच्या खाटेशी उभी राहणार आहे. मागणी आहे ती वेळ बदलण्याची. रुग्णालय तिन्ही पाळ्यांत चालते, तर प्रात्यक्षिकही पाळ्यांत विभागता येईल. वर्ग दुपारनंतर घेता येतील, मुदत तीनऐवजी चार वर्षे झाली तरी चालेल. सेवेतील परिचारिकांना नोकरी न सोडता पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करता यावे म्हणून इग्नूने दूरशिक्षणाची सोय केली होती. पुण्याला तर हे मुळीच नवे नाही. 1909 साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली संसारी बायकांसाठी वर्ग चालवले आणि स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले. त्या काळी जे जमले, ते आज जमू नये?

अभ्यासक्रमाचे नियम भारतीय परिचर्या परिषद ठरवते, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून शासनाने परिषदेकडे तसा प्रस्ताव पाठवावा आणि पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाशी जोडलेली एक प्रायोगिक तुकडी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मदतीने सुरू करावी. जीएनएम प्रवेशासाठी 35 वर्षांची अट आहे. एएनएम झालेल्यांना ती लागू नाही. वॉर्डातील अनुभव असलेल्या इतर महिलांनाही यात सूट मिळावी, आणि पूर्वी पहिले वर्ष उत्तीर्ण झालेल्यांना ते पुन्हा करायला लावू नये.

पाळणाघराशिवाय वरचे सगळे कागदावरच राहील. कायद्यानुसार 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. पण विद्यार्थिनी ही कर्मचारी नाही, त्यामुळे तिच्या मुलाला तेथे हक्क मिळत नाही. शासकीय नर्सिंग विद्यालयांत पाळणाघर असावे आणि ते वॉर्डाच्या पाळीपर्यंत उघडे राहावे. पाचला कुलूप लागणारे आमच्या उपयोगाचे नाही. लहान मूल असलेल्या विद्यार्थिनीला वसतिगृहाची सक्ती नसावी. मुलींच्या शुल्कमाफीचा 2024 चा शासन निर्णय जीएनएमला, तसेच खंडानंतर परतणाऱ्या विवाहित महिलांना कितपत लागू होतो, याचा लेखी खुलासा मिळावा. महाविद्यालयाच्या खिडकीवर तोंडी मिळणाऱ्या उत्तरावर कुणी नोकरी सोडत नाही.

या विषयावर पुण्यात जिल्हाधिकारी कार्यालयात आमच्या प्रतिनिधींना भेट द्यावी. वेळ दुपारी चारनंतरची असावी, म्हणजे सकाळपाळीच्या भगिनींना खाडा न करता येता येईल.

आपल्या विश्वासू,
देहू व परिसरातील रुग्णसेवेत काम करणाऱ्या महिला
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

स्थळ : देहू, ता. हवेली, जि. पुणे