सैनिकाचें ऋण

संकटसमयीं जो आपल्यासाठीं प्राण पणास लावतो, त्याचे उपकार मानावे, हें कोणासही शिकवावें लागत नाहीं. परंतु ते कसे मानावे, याचा विचार मात्र थोडेच करतात. स्मरणदिनीं मेणबत्त्या लावाव्या, दोन मिनिटें स्तब्ध उभें राहावें आणि दुसऱ्या दिवशीं सर्व विसरून जावें, एवढ्यानें तें ऋण फिटतें काय?

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं बहुतेकांचा जन्म २६ नोव्हेंबर २००८ नंतरचा आहे. तुमच्या वडीलमाणसांस मात्र ती बुधवारची काळरात्र विसरतां येणें शक्य नाहीं. कराचीहून समुद्रमार्गें आलेल्या १० अतिरेक्यांनीं छत्रपति शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय, ताजमहाल व ओबेरॉय हीं हॉटेलें आणि नरिमन हाऊस येथें हाहाकार उडविला. आम्हां पार्लेकरांस प्रथम वाटलें, कीं हें सारें दूर दक्षिण मुंबईंत चाललें आहे. तोंच आपल्याच पार्ल्यांत, द्रुतगती महामार्गावर, एका टॅक्सींत ठेवलेला बाँब फुटला आणि तिचा चालक व आंतील प्रवासी जागींच गेले. त्या रात्रीं आमच्या इमारतींत कोणीही निजलें नाहीं. कामावरून न परतलेला एक तरुण शेजारी पहाटे पायीं चालत घरीं पोहोंचला. त्याच्या आईनें त्यास एक शब्दही न विचारतां पाण्याचा तांब्या पुढें केला.

नौदलाचे कमांडो रात्रींच ताजमध्यें शिरले होते. सकाळीं राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे जवान आपल्या पार्ल्यालगतच्या विमानतळावर उतरले आणि बेस्टच्या बसगाड्यांतून रणभूमीकडे गेले. त्यांपैकीं मेजर संदीप उन्नीकृष्णन ताजमध्यें व हवालदार गजेंद्र सिंग नरिमन हाऊसमध्यें धारातीर्थीं पडले. आपल्या पोलिस दलाचे तुकाराम ओंबळे यांनीं तर त्यापूर्वींच गिरगांव चौपाटीवर देहाची ढाल करून एका अतिरेक्यास जिवंत पकडवून दिलें होतें. तिघांसही मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. २९ तारखेच्या सकाळीं हा रणसंग्राम संपला, तेव्हां १६६ जीव गेले होते.

आतां एका कटु गोष्टीकडे वळूं. २८ तारखेस कमांडो हेलिकॉप्टरमधून नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरत असतां तें दृश्य घरोघरीं दूरचित्रवाणीवर दिसत होतें. तें जसें आपणांस दिसत होतें, तसेंच सीमेपलीकडे बसून अतिरेक्यांस दूरध्वनीवरून आज्ञा देणाऱ्या सूत्रधारांसही दिसत होतें. या प्रक्षेपणामुळें जवानांचें काम अतिशय कठीण व धोक्याचें झालें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं कठोर शब्दांत नमूद केलें. पुढें २०१५ सालीं अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणास नियमानें बंदी झाली.

कोणी म्हणेल, जनतेस सत्य जाणण्याचा अधिकार नाहीं काय? अवश्य आहे. कारवाई संपल्यावर प्रश्न विचारावे, दोष दाखवावे. त्यासाठींच महाराष्ट्र शासनानें राम प्रधान समिति नेमली होती. परंतु जवान जिना चढत असतां त्याची पायरी जगास दाखविणें, हें सत्यशोधन नव्हे.

नियमानें वाहिन्या आवरल्या; आतां प्रत्येकाच्या हातांत एक वाहिनी आहे. म्हणून कृतज्ञतेची खरी कसोटी आपल्यापाशीं येऊन ठेपली आहे. संकटाच्या ठिकाणीं गर्दी न करणें, रुग्णवाहिकेस व जवानांच्या गाडीस वाट देणें, त्यांच्या हालचालींचें चित्रण न करणें, ऐकीव वार्ता पुढें न पाठविणें, हीं कामें क्षुद्र वाटतील. पण त्यांवर एखाद्या जवानाचे प्राण अवलंबून असूं शकतात. आणि पालकहो, मुलें हें आपल्या उपदेशावरून शिकत नाहींत, आपल्या वागण्यावरून शिकतात.

ज्यांनीं आपल्यासाठीं प्राण वेंचले, त्यांच्यासाठीं आपली उत्सुकता घटकाभर आवरणें, एवढें तरी आपण खास करूं शकतों. मेणबत्ती अवश्य लावा. पण हा संयमही अंगीं बाणवा.