घरगुती फिती बघा, पण नावे बाजूही तपासा

मंडळी, स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या आठ मिलिमीटरच्या घरगुती फितींचे तुकडे हल्ली सारखे फिरताहेत. लग्न, होडीतली सहल, हॅट घातलेले साहेब, हसणारी मुलं. आणि खाली ठरलेलं वाक्य, "काय शांत, शिस्तीचे दिवस होते ते!"

शांत असणारच! त्या फितींना आवाज नव्हता, आणि माणसांनाही नव्हता. सालाझारच्या राज्यात छापायचा मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा, लग्नपत्रिकासुद्धा सुटायची नाही. परवानगीशिवाय सभा नाही. म्हणून तर १८ जून १९४६ ला लोहिया मडगावात उभे राहिले. त्याच वर्षी त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हांना आठ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडलं. मराठी शिक्षक मोहन रानडे १९५५ साली पकडले गेले ते सुटले १९६९ मध्ये, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. हे कुठल्या सहलीच्या फितीत दिसणार?

मुक्तीच्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो. वडीलमंडळी रेडिओ कानाशी धरून, खिडक्या लावून ऐकायची. ते कोणी चित्रित केलं नाही. कॅमेरा मोजक्या घरांत, आणि स्वतःची भीती कोण रिळावर घेतो?

बँकेत आयुष्य गेलं. नुसत्या जमेच्या नोंदी दाखवून कोणी कर्ज मागितलं, तर आम्ही नावे बाजूही मागायचो. इथेही तोच हिशोब.

"मग फेकून द्या त्या फिती," असंही काही जण म्हणतात. अजिबात नको! न ठरवता त्यांत पुष्कळ शिरलेलं असतं. डोक्यावर पेटी घेतलेला अनवाणी हमाल, पायरीखाली थांबलेला मुंडकार, दुकानाच्या पाटीवरची भाषा, कॅमेऱ्याकडे कोण बघतं आणि कोण मान खाली घालतं. हुकूमशाहीतही लग्नं होतात, जत्रा भरतात, माणसं हसतात. फक्त काय बोलायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं. रोजचं जगणं म्हणतात ते हेच.

तेव्हा फीत टाकताना कोणी काढली, गाव कुठलं, साल कुठलं, मागे कोण उभं आहे हे लिहा. घरातल्या आजीला, काकांना ती दाखवा आणि विचारा, "तेव्हा काय बोलायची चोरी होती?" उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. सांगणारे आता थोडेच उरलेत. तेवढं करा, मग खुशाल "सोनेरी दिवस" लिहा. लिहवलं तर!